हसं कुणाचं करायचं, बाई?

आधी पत्र. थोडं छाटलंय, पण भाषा त्यांचीच आहे.

"सर, नमस्कार. चौदा वर्षं झाली मराठी शिकवतेय, पाचवी ते सातवी. शाळेतल्या गमतीजमतींवर कविता करायचा नाद आहे, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, सगळ्यांना आवडतात. मागच्या महिन्यात सहावीतल्या एका मुलाने निबंधात 'माझी आई गृहिणी आहे' लिहायच्या ऐवजी 'माझी आई हरिणी आहे' असं लिहिलं. मला इतकं हसू आलं की गठ्ठा बाजूला ठेवून तिथल्या तिथे चार ओळी केल्या, आई रानोमाळ पळतेय, बाबा मागे धावतायत वगैरे. नाव अजिबात टाकलं नव्हतं. ग्रुपवर हसून पुरेवाट. पण एका सहकाऱ्याचं मूल त्याच वर्गात आहे, त्याने घरी फोन बघितला असणार, दुसऱ्या दिवशी वर्गात त्या पोराचं नाव 'हरीण' पडलं. आता तो माझ्याशी बोलत नाही, आणि निबंध दिला की पाच ओळी लिहून वही मिटतो. त्यात मोठ्या बाईंनी गॅदरिंगला पाच मिनिटं शाळेवरच्या विनोदी कविता वाचायला सांगितलंय. मी लिहिणं बंद करू का? मी काही फार शहाणी नाही, परवा फळ्यावर 'शुद्धलेखन' हाच शब्द मी चुकीचा लिहिला होता, पोरांनी दाखवला तेव्हा कळलं. तुमचा आशिर्वाद असू द्या. — एक बाई"

बाई, नमस्कार.

बंद करू नका. पण लगेच पुढची कविता पण करू नका, मध्ये एक काम आहे, आणि ते कवितेचं नाहीये.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट म्हणजे 'हरीण' हे नाव नाही. नावं काय, शाळेत सगळ्यांनाच पडतात, मला सुद्धा पोरं मागे काय म्हणायची ते मला माहीत होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. टोचलं ते पाच ओळींचं. पेपर तपासणाऱ्याला हे लगेच कळतं ना हो, पोरगं निबंध लिहायचा कंटाळा करतंय की फक्त खात्रीचे शब्दच वापरतंय. त्याची वही परत एकदा उघडून बघा. मी पैज लावतो की त्या पाच ओळींत एक पण जोडाक्षर अवघड नसणार, एक पण शब्द असा नसणार जो त्याने नुसता ऐकलाय पण वाचलेला नाही. 'गृहिणी' हा शब्द त्याने कानाने उचलला होता, आणि आईबद्दल काहीतरी भारदस्त लिहावं म्हणून वापरायला काढला होता. 'घरी असते' लिहिलं असतं तर चुकलंच नसतं! पोराने मोठा शब्द वापरायची हिंमत केली आणि त्याबद्दल त्याला बक्षीस काय मिळालं तर शिंगं.

हे मी वरच्या पट्टीत बोलतोय असं समजू नका, माझा पण हात यात चांगला पोळलाय. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी त्यांच्यावर सोळा ओळी वाचल्या होत्या. त्यांना दर वाक्याला 'म्हणजे काय की' म्हणायची सवय होती, तेच मी पालुपद केलं, दर चौथ्या ओळीला यायचं, आणि तिसऱ्या वेळेला तर अख्खा हॉल माझ्याबरोबर ओरडत होता, मी म्हटलं वा, काय रंगलाय कार्यक्रम. मग ते उत्तराला उठले. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, एरवी माइक हातात आला की सोडायचा नाही, तो दीड मिनिट बोलला. तोंडावर आलेलं 'म्हणजे काय की' दरवेळी गिळायचा, मध्येच थांबायचा, वाक्य अर्धंच राहायचं. मग आभार म्हणून बसले. मला तिथे बसल्या जागीच कळलं काय झालंय ते, पण तेव्हा कळून काय उपयोग.

तर आधी त्या पोराचं. मधल्या सुट्टीत नको, वर्गात तर अजिबात नको, स्टाफरूममध्ये बोलावू नका कारण स्टाफरूममध्ये बोलावणं म्हणजे पोरांच्या लेखी शिक्षाच. कुठेतरी जाता जाता, वह्या उचलायला मदत कर म्हणून वगैरे बाजूला घ्या आणि सरळ सांगा की ती कविता मी केली होती, चूक माझी होती, ग्रुपवरून काढून टाकलीय. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असलं लोणकढं सॉरी नको. 'वाईट वाटलंच असणार, मला पण वाटलं असतं' इतकं बास. आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहू नका, बारा वर्षांच्या मुलाला अशा वेळी काय बोलायचं ते माहीत नसतं, तो खाली बघेल, बघू दे. त्याच्या पुढच्या निबंधात त्याने जर एखादा मोठा शब्द परत घातला, चुकीचा का होईना, तर त्याखाली लाल रेघ मारायच्या आधी बाजूला 'शब्द छान निवडलास' एवढं लिहा. आणि ग्रुपवर सांगा की कुणाकडे सेव्ह असेल तर डिलीट करा, ज्यांच्या घरून ती बाहेर गेली त्यांचं नाव न घेता, त्यांना कळतंच.

वर्गाला मात्र भाषण देऊ नका. 'कुणाला नावं ठेवू नयेत' यावर तुम्ही दहा मिनिटं बोललात की ते नाव दहावीपर्यंत टिकलं म्हणून समजा. नाव पुसायचा पोरांना एकच रस्ता माहीत असतो, त्याहून मजेशीर काहीतरी मिळणं. आणि ते तुमच्याकडे आहे, तुम्ही पत्रात शेवटी शेवटी एका ओळीत सांगून टाकलंत आणि पुढे गेलात! मराठीच्या बाईंनी फळ्यावर 'शुद्धलेखन' चुकीचं लिहिलं. अहो, लोक आयुष्यभर विषय शोधत हिंडतात आणि तुम्ही सोन्याची लगड दाराला अडकण म्हणून लावून ठेवलीय. काय चुकलं होतं ते तुम्ही लिहिलं नाही पण मी सांगतो, 'द'ला 'ध' जोडायच्या ऐवजी 'ध'ला 'द' जोडला असणार, शुध्दलेखन. निम्मा महाराष्ट्र तसंच लिहितो, दुकानांच्या पाट्यांवर 'शुध्द' आणि 'प्रसिध्द' पाहिल्याशिवाय दिवस जात नाही. हे घ्या, सुरुवात मी करून देतो, साधी अष्टाक्षरी:

शुद्धलेखनाचा तास
बाई लिहिती झोकात
पहिलाच शब्द चूक
आणि तोही मथळ्यात

पुढची कडवी तुमची. कोणत्या पोराने दाखवलं, त्याने हात वर केला तेव्हा तुम्हाला वाटलं पाणी प्यायला जायचंय, तुम्ही आधी 'बस खाली' म्हणालात का, मग डस्टर सापडेना, हे सगळं तुम्हालाच माहीत. ते लिहा.

आता तुम्ही विचारलेलं नाही पण तुम्हाला हवं आहे ते, म्हणजे शाळेवरची कविता विनोदी होते कशी. हसं मास्तरचं व्हायला पाहिजे, किंवा मग घंटेचं, वेळापत्रकाचं, मीटिंगचं. वर्गात उभं राहून ज्याच्या हातात खडू असतो त्याने बाकावरच्यावर हसायचं यात काही गंमत नसते, नुसती ताकद असते, आणि पोरांना ती वासाने कळते. उलटं झालं, खडूवाला घसरला, की सगळे हसतात, अगदी खडूवाला सुद्धा. म्हणून तर वर्गात मास्तर खुर्चीवरून घसरला की जे हसू येतं तसलं हसू कुठल्याच विनोदाला येत नाही.

दुसरं म्हणजे वृत्त. तुम्ही पाठवलेल्या चार ओळी मी इथे छापत नाही, पण त्यांची एक अडचण सांगतो, त्या नुसत्या यमकावर चालतात. माळ, घायाळ, आभाळ. यमक जुळलं की कविता झाली असं आपल्याला शाळेतच शिकवलं जातं आणि मग आपण तेच पुढे शिकवतो. विनोदी कवितेत यमकापेक्षा चाल जास्त काम करते, कारण गंभीर चालीत फालतू गोष्ट बसवली की अर्धा विनोद फुकटात होतो. भुजंगप्रयात घ्या. मराठी शिकवता म्हणजे गण, ते तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट, तुम्हाला पाठच असणार, यमाचा यमाचा यमाचा यमाचा, बारा अक्षरं, संपलं. समर्थांचे मनाचे श्लोक, २०५च्या २०५, याच चालीत आहेत, त्यामुळे ती चाल ऐकली की माणूस आपोआप ताठ बसतो आणि आता काहीतरी उपदेश येणार म्हणून तयार होतो. आणि मग त्याला हे ऐकवायचं:

पुन्हा पाचवा तास, डोळे मिटावे
फळ्याला जरा टेकुनी मी रहावे
कुणी मागुनी हासले, का कळेना
मला बेरजा पाठ झाल्या पुऱ्या ना!

(गणिताच्या सरांनी फळ्याला टेकल्यावर शर्टाचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको. हे माझंच आहे, निळा शर्ट होता, सातवीचा वर्ग, आणि दिवसभर कुणीही सांगितलं नाही, शिपाईमामांनी सुद्धा नाही.)

यात खरं काम 'पाठ'ने केलंय. असा दुहेरी शब्द शाळेच्या बोलण्यात पडीक असतो: पाठ, तास, गुण, पट, पास. बसचा पास आणि परीक्षेचा पास. हजेरीचा पट आणि बुद्धिबळाचा पट. एक वही ठेवा आणि असे शब्द टिपत जा, पोरांच्या चुका टिपण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

अभंगाचा छंद पण शाळेला फार छान बसतो, चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या तिसऱ्याचं यमक. शेवटचा चरण आखूड असतो ना, तो पायरी चुकल्यासारखा येतो, तिथेच हसू फुटतं. स्टाफ मीटिंगवर मी एकदा मीटिंगमध्येच, अजेंड्याच्या कागदामागे लिहिला होता:

मीटिंगचा मुद्दा
मीटिंग हा होता
संपला तो, आता
मीटिंग घ्या

आणि ओवी तर विचारूच नका, पहिले तीन चरण यमकात लांबत जातात आणि चौथा तुटका, म्हणजे पेपर तपासता तपासता झोप लागण्याचीच चाल आहे ती:

गठ्ठा पेपरांचा उशाशी घेतला
लाल पेनासंगे डोळाही सुकला
स्वप्नात माझाच पेपर निघाला
दिला भोपळा

लिमरिक पण करून बघा. पाच ओळी, पहिल्या दोन आणि पाचवीचं यमक एक, मधल्या दोन आखूड आणि त्यांचं वेगळं. एडवर्ड लिअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४६ साली या असल्या अर्थहीन पाच-ओळींचं पुस्तक काढलं आणि मग तो प्रकार जगभर गेला, आणि गंमत म्हणजे त्याच साली तो राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडे पण देत होता, म्हणजे हा पण आपल्यातलाच, मास्तर. हजेरीवर असं काहीतरी:

एक बाई हजेरी घ्यायला बसल्या
नावांच्या यादीत पुरत्या फसल्या
तीन आरव, चार आर्या
'हजर बाई!' म्हणती साऱ्या
चष्मा पुसून स्वतःवरच हसल्या

मात्रा थोड्या लंगडतायत, माहितीये, पण लिमरिक वाचताना ओढून ताणून बसवता येतं, भुजंगप्रयात मात्र एक अक्षर इकडचं तिकडे झालं की लगेच ओरडतो.

विडंबन करायचं मनात असेल तर अशाच कवितेचं करा जी समोरच्यांना तोंडपाठ आहे. हे अगदी जुनं गुपित आहे. आयझॅक वॉट्सने १७१५ साली लहान मुलांसाठी उद्योगी मधमाशीची उपदेशपर कविता लिहिली, मग पुढे पिढ्यान् पिढ्या इंग्रजी पोरांनी ती घोकली, आणि १८६५ला अ‍ॅलिसच्या गोष्टीत लुईस कॅरलने त्या मधमाशीच्या जागी सुसर आणून बसवली, गोड हसत जबडा उघडून माशांचं स्वागत करणारी. पोरं खूश का झाली असतील तर ज्या कवितेसाठी मार खाल्ला तिचाच कुणीतरी असा सूड घेतला म्हणून. आणि हा कॅरल तरी कोण, ऑक्सफर्डला गणित शिकवणारा माणूस. आपल्याकडे केशवकुमार या नावाने विडंबनं करणारे आचार्य अत्रे पण शाळेचे मुख्याध्यापक होते. मला वाटतं वर्षानुवर्षं तीच कविता तीस-तीस पोरांकडून पाठ म्हणून घेतली की माणूस एकतर वेडा होतो किंवा विडंबनकार होतो. (दोन्ही होणारे पण मी पाहिलेत.) तेव्हा तुमच्या पाचवी-सहावीच्या पुस्तकातली जी कविता पोरं झोपेत पण म्हणतील ती घ्या. मोठ्यांना आवडते ती नको, ती पोरांना माहीतच नसते आणि मग स्टेजवरून तुम्ही एकट्याच हसता.

गॅदरिंगचं. पाच मिनिटं म्हणजे फार असतात, तीन कविता पुष्कळ झाल्या. पहिली ती शुद्धलेखनाची घ्या, म्हणजे बाई आज स्वतःलाच धोपटणार आहेत हे पहिल्या मिनिटाला सगळ्यांना कळतं आणि हॉल सैल होतो. मग मीटिंग, पेपर, ऑफ तासाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवणं, 'आजच्या आज माहिती भरा'वाले मेसेज, असलं काहीतरी, हे पालकांना पण कळतं. शेवटी विडंबन. वाचताना स्वतः हसायचं नाही, हे फार अवघड आहे पण जमवा, सरळ सूचना वाचतोय तशा चेहऱ्याने वाचायचं, आणि शेवटच्या चरणाआधी अर्धा श्वास थांबायचं. हसू आलं की पुढची ओळ त्याच्यावर चढवायची नाही, विरू द्यायचं. आणि हसू नाहीच आलं तर समजावून सांगायचं नाही, पुढे जायचं. 'म्हणजे इथे पाठ या शब्दावर श्लेष आहे' असं म्हणालात की संपलंच.

आणि कुठलीही कविता वाचायच्या आधी मी आता एक करतो, ज्या माणसावर आहे तो माणूस आपल्या शेजारी उभा आहे असं धरून ती एकदा मोठ्याने वाचून बघतो. जिथे आवाज खाली जातो ती ओळ काढायची. त्या सोळा ओळींपैकी मी नंतर अशा चौदा काढल्या, उरल्या दोन, त्या मात्र चांगल्या होत्या, त्या त्यांना पोस्टाने पाठवल्या. उत्तर आलं नाही. मी अजून वाट बघतोय असं नाही, पण पोस्टमन दिसला की आठवतं.

एक राहिलं. पोरांच्या निबंधातल्या चुकांचं काय करायचं, कारण त्या खरंच फार गोड असतात आणि पुढच्या गठ्ठ्यात परत एक 'हरिणी' निघणारच. माझ्याकडे एक वही आहे, त्यात मी लिहून ठेवतो, नाव नाही, वर्ग नाही, वर्ष नाही. ती कुणालाच दाखवत नाही. कधीतरी वाटलंच वापरावं तर पोरगं शाळा सोडून गेल्यावर, बरीच वर्षं गेल्यावर, आणि ते पण शक्य असेल तर त्याला विचारून. एकाला मी खरंच विचारलं होतं, तो आता स्वतः मास्तर आहे, तो म्हणाला सर खुशाल वापरा पण नावासकट वापरा. मोठा झाल्यावर माणूस स्वतःच्या चुकीचा मालक होतो, सहावीत नसतो.

त्या पोराला गॅदरिंगला स्टेजवर बोलवू नका, 'आमचा लाडका' वगैरे म्हणून जवळ घेऊ नका. शुद्धलेखनाच्या कवितेला तो हसला तर हसला, नाही हसला तरी तुम्ही त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला कळतं आपण बघतोय ते. त्याचे निबंध पाच ओळींचे सात ओळींचे झाले की मात्र मला दोन ओळी टाका.

आणि हो, तुमच्या पत्रातला 'आशिर्वाद' मी छापताना तसाच ठेवलाय. त्यातला 'शी' दीर्घ असतो हे मला कधी कळलं माहितीये? बावीस वर्षं शिकवून झाल्यावर, पाचवीतल्या एका मुलीने माझी वाढदिवसाची शुभेच्छा तपासून परत दिली तेव्हा. तिने लाल पेनच वापरलं होतं.